कुळाची जागा

लिहिणाऱ्या, बस. ताडपत्र मांडीवर घे,
पण ती लोखंडी लेखणी जरा थांबव.
तू विचारतोस : वंश कोणता, हत्ती किती,
नगाऱ्यावर कुठल्या बैलाचं कातडं होतं.
मला काय ठाऊक? मी मिठागरातली पोर.

आमच्या बारा गाड्या पुलिमलैच्या पायथ्याशी आल्या
तेव्हा डोंगरावर धूर होता.
राजाच्या राखणीचा जुना बिबळा तोडून
शत्रूनं हत्ती बांधायचे खुंटे केले होते.
बुंध्यातून लाल चीक अजून ठिबकत होता,
त्यावर एक मुलगा बसलेला, पायात एकच तोडा.
बाप म्हणाला, "बैल हाकता येतात?"
तो म्हणाला, "शिकेन."

इळंकुन्रन.
हे नाव त्यानं एकदाच सांगितलं, घाटात, तापाच्या भरात.

पहिल्याच गावात राळ्याच्या बदल्यात मीठ मापलं
ते शिगोशीग, वर आणखी ओंजळभर.
बाप ओरडला, "अरे, हे दान नाही, धंदा आहे!"
बायका हसल्या. तोही हसला.
पुढच्या गावात पुन्हा तेच.

कवनं? रात्री म्हणायचा, बैलांपुढे.
त्यांत राजवाडा कधी आला नाही.
रुतलेलं चाक आलं, माझ्या टाचेची भेग आली,
राघू हाकता हाकता मचाणावर झोपलेली कुणी पोर.

एकदा एका सरदारानं ऐकून आत बोलावलं,
सोन्याचं कमळ पुढे केलं.
याचा हात काही उठेना.
असलंच कमळ बापाला त्यानं
गाणाऱ्यांच्या केसांत खोवताना पाहिलं असणार.
शेवटी म्हणाला, "बैलाला एक दोरी द्या."
ती दोरी आम्हाला सात वर्षं पुरली.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
तो तर मिठाच्याच सावलीत निजायचा,
गाडीखाली, गुडघे पोटाशी घेऊन.
वर गोण्या पाझरायच्या
आणि सकाळी त्याच्या पापण्या पांढऱ्या.

एका फाट्याशी उतरला. उत्तरेकडे तोंड करून
उभा राहिला थोडा वेळ. "येतो," म्हणाला.
जाणारा माणूस हेच म्हणतो.
बैल मागे बघत होते. मी नाही पाहिलं.

नाव हवंच असेल तर लिही :
मिठाच्या सावलीत निजलेला.
कुळाची जागा कोरी सोड.
आणि पानाला हळद नीट चोळ,
इथे वाळवी फार.