अभिव्यक्ती

लोद्झच्या रंगखात्यात एकतीस वर्षं
बोगुमिऊ सूत बुडवत आला.
नखं निळी, तोंड बंद.

आज त्याच्या मूत्राशयातल्या गाठीची
एक कणी माझ्या नळीत.
पडद्यावर उमटतंय
कुठलं जनुक मोठ्यानं बोलतंय,
कुठलं नुसतं पुटपुटतंय.
आम्ही याला अभिव्यक्ती म्हणतो.

पहारेकरी पेशी आत पोचल्यात की!
ग्राही उघडे, शत्रूची ओळख पटलेली,
आणि हाताची घडी घालून उभ्या.

बाहेर बाकावर येद्विगा
थर्मासचं झाकण उगाच फिरवतेय.
काय म्हणतोय रिपोर्ट?

ओळखलंय, मी सांगते.
पण हात उचलत नाहीत.

तोही असाच, ती म्हणते.
कळायचं हो सगळं, त्या रंगाचंसुद्धा.
मुकादमासमोर मात्र

झाकण घट्ट बसलं.