दुसऱ्या फाट्याच्या अलीकडे

अमळनेरहून पारोळ्याला
सव्वाआठला बिनड्रायव्हरची गाडी सुटते.
पांढरी, आठ सीटची, पोटात एसी.
पहिल्या आठवड्यात बायका चढताना
पुढच्या रिकाम्या जागेला नमस्कार करायच्या.
आता त्या जागेवर शेवंताबाई बसते,
मांडीवर कोंबडीची टोपली.

मी नऊ वर्षं या रस्त्याने लसी नेते,
निळ्या डब्यात, बर्फात.
त्यातली सात उखा भोईच्या काळीपिवळीत.
आठ सीटांवर सतरा माणसं रचून
तो अठराव्याला म्हणायचा,
"बठ ना भो, गाडी रबरनी शे."

नव्या गाडीला नववा चालत नाही.
दार लागत नाही, आणि आतून एक बाई
पुण्याच्या मराठीत सांगते,
कृपया एका प्रवाशाने खाली उतरावे.
सगळे एकमेकांकडे बघतात.
जो शेवटी चढला
तो सगळ्यात आधी झोपी जातो.

कंपनीची पोरं आली होती, गळ्यात पट्टे घालून,
त्यांनी उखालाच शोधून काढलं.
तीन महिने तो गाडी हाकत होता
आणि गाडी त्याला बघत होती.
कापसाच्या ट्रॅक्टरला बाजू कशी द्यायची.
मेंढरं आली की हॉर्न नाही, नुसतं उभं राहायचं.
वरात असली तर तिच्या मागून, तिच्या चालीने.
बोरीच्या फरशीवर पाणी कुठवर आलं
की मुकाट माघारी फिरायचं.
पैसे बरे दिले, वर एक टी-शर्ट.
त्याचा आजा म्हणे मेणा वाहायचा.
"पहिले खांदा गया, मंग हात गयात," उखा हसला,
"आते डोकं बी लई गयात."
हल्ली तो स्टँडसमोर टरबुजं विकतो,
तोच टी-शर्ट घालून.

गाडी तशी गुणी.
पण दुसऱ्या फाट्याच्या अलीकडे,
जिथे काहीच नाही,
चौपदरी डांबर आणि दोन्हीकडे वाळल्या पऱ्हाट्या,
ती हळू होते, डावीकडे सरते
आणि उभी राहते.
दार उघडतं.
वैशाखाची झळ आत येते, भट्टीचं झाकण काढल्यासारखी.
कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही.
कोंबडी तेवढी मान बाहेर काढते.
दार लागतं.

लॅपटॉपवाला पोरगा दोन दिवस बसून गेला.
नकाशात थांबा नाही, कॅमेरे ठीक,
चाकं ठीक, कागद ठीक.
"मावशी, इथे काय आहे हो?"
काही नाही, मी म्हटलं.
खोटं नव्हतंच ते.

निंब होता तिथे.
उखा त्याच्या सावलीत इंजिन निववायचा,
आम्ही सतराजण खाली उतरून
आपापले पाय शोधायचो.
रस्ता रुंद झाला तेव्हा निंब गेला.
आणि गाडीची शाळा भरली ती त्यानंतर, पुढल्या उन्हाळ्यात.

म्हणून मी एकदा टरबूज घेताना उखाला विचारलं.
तो सुरी पुसत राहिला.
"झाडच नई, मी काबर थांबसू तठे?"
मग फोड कापली, मीठ लावलं,
आणि पैसे घ्यायला विसरला.

आखाजीपासून तिथे माणसं उभी राहायला लागली आहेत.
गाडी थांबते म्हणून.
कोणीतरी माठ आणून ठेवलाय,
वर ओलं फडकं, उलटा पेला.
पुण्याची बाई अजून त्या जागेचं नाव घेत नाही.
तिकिटाच्या पडद्यावर तिथे कोरा ठिपका येतो,
शेवंताबाई त्यावरच बोट ठेवते,
म्हणते, निंबाचं एक दे.

मी लसीच्या डब्यावर तळवा दाबून धरते,
बर्फ जाऊ नये म्हणून मनात आकडे मोजते.
रोज एकतीस.
आणि बत्तिसाव्याला, दार सरकत असताना,
नजर आपोआप पऱ्हाट्यांकडे जाते,
कोणी पळत येतंय का बघायला.