बोटभर

कापडगिरणी बंद पडली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते.
आता त्याच दालनात खुर्ची टाकून बसते,
गळ्यात ओळखपत्र, पायात रबरी तळाचे बूट,
आणि दिवसभर तोंडी एकच वाक्य: हात लावू नका.
वूच शहरात असं पुष्कळजणींचं झालं.
पूर्वी हे वाक्य मुकादम आम्हाला म्हणायचा.

या हिवाळ्यात इथे प्लास्टरची अकरा ढेकळं मांडली आहेत.
लुदोमिरनं ती मार्चमध्ये ओतिल्याच्या अंगावरून उतरवली:
काखेची पोकळी, गुडघ्यामागची लवण,
मान आणि खांदा यांच्यामधली ती जागा
जिथे तान्हं मूल डोकं टाकून झोपतं.
बाहेरून पाहाल तर नुसता धोंडा.
आतून एक बाई, उलटी.

अकरा वाजता ओतिल्या येते.
राखाडी बनियन, अनवाणी.
एकेका पोकळीत स्वतःला परत ठेवत जाते.
एका ढेकळापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला
कधी पाव तास लागतो, कधी तिला वाटेल तेवढा.
संगीत नाही. रेडिएटरची कुरकुर, बाहेर ट्राम.
शाळेची पोरं आधी फिदीफिदी हसतात,
मग त्यांच्यातलं एखादं
हळूच आपली काख चाचपून बघतं.

मला नाचातलं काही कळत नाही.
पण सोळा माग एकटीनं सांभाळलेत मी,
धागा तुटायच्या आधी कानाला समजायचं.
तसंच समजलं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात:
सातव्या ढेकळाला ती पाठ टेकते
आणि पाठ टेकत नाही.
बोटभर फट.
तिच्यातून खिडकीचा उजेड अलीकडे येतो.

मी कुणाला बोलले नाही.
दुखणं असेल, दुःख असेल, माणूस वाळतं.
माझा ब्रोनेक गेला त्या वर्षी
मीही अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता.

लुदोमिरला दिसलं ते डिसेंबरात.
मोजपट्टी घेऊन आला. म्हणाला, रविवारी पुन्हा साचा काढू,
दोन पोती प्लास्टर आहे अजून.
ती म्हणाली, नको.
मार्चमधली ती बाई राहू दे तिथे.
मी तिला भेटायला जाते, एवढंच.
तो बराच वेळ पट्टी गुंडाळत बसला.

तेव्हापासून नाच बदलला.
आधी ती पोकळीत बसायची, आता आत चाचपडते,
अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशी
कधी खांद्यानं, कधी कमरेच्या हाडानं.
सापडत नाही. परत येते. पुन्हा जाते.
परवा एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.
का, ते त्यालाही कळलं नसावं.

माझ्या मागाशी एक लाकडी बाक होता.
त्याला गेनोवेफाच्या बसण्यानं पडलेला खळगा,
माझ्याहून चांगला रुंद.
डाव्या बाजूला चिंधी खुपसून मी दोन वर्षं काढली.
मग एक दिवस चिंधी लागली नाही.
मी रुंद झाले की लाकूड माझं झालं, कोण सांगणार.
बाक भंगारात गेला,
चिंधी कुठे गेली आठवत नाही.

काल येताना पिशवीत लोकरीची एक पट्टी आणली होती,
बोटभर जाडीची.
सगळे गेल्यावर सातव्यासमोर उभी राहिले.
पोकळीत हात घातला, कोपरापर्यंत.
आत गार होतं,
आणि अगदी तळाशी, असल्यासारखा,
तिच्या घामाचा वास.

पट्टी तशीच घरी नेली.
ट्राममध्ये बाहीवरचं पांढरं झटकायला
हात उचलला,
आणि मांडीवर ठेवून दिला.