खोलीचा आवाज

आधी तीस सेकंद काहीच बोलायचं नाही.
नुसती खोली रेकॉर्ड करायची.
खोलीलाही आवाज असतो, हे मला कपाटात बसल्यावर कळलं.
कोपरखैरणे, सेक्टर पाच,
बैठ्या घरावर चढवलेला दुसरा माळा,
लोखंडी कपाटाची उघडी दारं, त्यांवर आईच्या दोन गोधड्या,
मधे मी, मांडीवर माइक
आणि घामानं मऊ पडलेला कागद.

गोधड्या आवाज पितात.
जुन्या पातळांचे तुकडे माझं एकेक वाक्य शोषून घेतात
आणि खाली कोणाला काही ऐकू जात नाही,
असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.

पहिल्याच भागात शब्द सापडेना.
त्या एवढ्याशा जागेला, जिथं बाईला सुख होतं,
कोशात संस्कृत होतं, दवाखान्यात इंग्रजी,
नाक्यावर शिवी.
मी तसं सांगून टाकलं, की बाई, माझ्याकडे शब्द नाही.
चार दिवसांनी तुर्भ्याहून कोणीतरी बोलून पाठवलं,
मागे ट्रक रिव्हर्स घेत होता:
"आमी त्याला कोंब म्हणतो, पोरी.
आमी म्हंजे मी आन माजी जाऊ.
दिसभर कांदं निवडतो ना.
कोंब आलेला बाजूला काढत्यात,
त्यो जित्ता आसतो म्हणून."

कोंब.
आता बाराशे जणांना माहीत आहे.

समाजमंदिर मागायला गेले तर अर्जात रकाना:
कार्यक्रमाचे स्वरूप.
मी लिहिलं, हळदीकुंकू.
सव्वीस जण आले, त्यांत सात पुरुष.
एकानं चुकून वाणही आणलं, प्लॅस्टिकच्या चाळण्या.
इरफाना मुकादम उभी राहिली, हातात कागद नव्हता.
खाडीकडच्या वस्तीवर सकाळी सहाला जेसीबी आला
तेव्हा ती न्हाणीत होती.
पत्रा गेला, पडदा गेला,
साबण अंगावरच राहिला.
हुकूम कोणी काढला, ते तिनं हुद्द्यासकट म्हटलं,
चालीत नाही, नुसतं, हजेरी घ्यावी तसं.
ते मी चौदाव्या भागात घातलं.

मग हवालदार आले.
पाणी प्यायले, पंखा वाढवायला सांगितला,
म्हणाले, ऐकलं मी सगळं, ड्यूटीच आहे.
राजकारण की घाण, एक कायतरी ठरवा ताई.
मी म्हटलं, साहेब, दोन्हीकडं विचारायचं एकच आहे,
कोणाला विचारून हात लावला?
त्यांनी डायरी उघडली, लिहिलं काही नाही.
एक्केचाळीस सेकंद काढा, म्हणाले,
वरून आलंय.

आप्पा दाराशी उभे होते.
तीस वर्षं गोणी वाहिलेली मान
आता पूर्ण वर होत नाही,
त्यामुळं ते रागावले की लाजले, कळत नाही.
काढ, म्हणाले.

काढलं.
पण कापलेली जागा तशीच ठेवता येत नाही,
ऐकणाऱ्याला ठेच लागते.
तिथं खोली भरावी लागते.
म्हणून त्या रात्रीची रिकामी खोली शोधली,
लांबवून एक्केचाळीस केली,
कानाला हेडफोन घट्ट लावले.
फ्रिज. पलीकडच्या गल्लीत वॉचमनची काठी.
रबाळ्याकडून येणारा वास रेकॉर्ड होत नाही, बरं आहे.
एकोणिसाव्या सेकंदाला
जिन्यावर एक गुडघा कट्‌कन वाजला.
मग कोणीतरी, खूप हळू,
खाकरलं.

चौदा भाग मी म्हणत होते, खाली ऐकू जात नाही.

मी तो आवाज पुसला नाही.
तुर्भ्याच्या बाईनं दुसऱ्याच दिवशी पाठवलं,
"मधी गप झालीस तवा जिन्यावर कोण बसलंय गं?"
इरफानाला सांगितलं, तुझं काढावं लागलं.
ती म्हणाली, मला पाठ आहे.

आप्पांनी काही विचारलं नाही, मीही नाही.
जेवताना त्यांनी मीठ मागितलं, मी दिलं.

दोन्ही गोधड्या धुवायला काढल्यात.
जड आहेत, लवकर वाळत नाहीत.
तोवर पंधरावा भाग
असाच बोलते.