पन्नास बिरडी

घरामागे आमचं लाकडी कोठार आहे,
फळ्या मुद्दाम विरळ ठोकलेल्या,
दोन फळ्यांत बोटभर फट.
आत मेंढीचं मांस टांगलेलं, मीठही न लावता.
या फॅरो बेटांवर धान्य फारसं पिकत नाही,
वारा मात्र बारमाही पिकतो.
ऑक्टोबरात टांगलेलं नाताळला ताटात येतं.
ते कुठल्या दिवशीच्या वाऱ्यानं मुरलं,
हे सांगणारा अजून जन्मायचाय.

बाबा पवित्र शास्त्र असंच वाचायचे.
रोज रात्री, भांडी विसळून झाली की,
काल जिथे खूण ठेवली तिथून पुढे.
खूण म्हणजे तुटक्या जाळ्याचा निळा दोरा.
आवडतं तेवढं वेचून वाचणं त्यांना मंजूर नव्हतं.
वंशावळी आल्या की आम्ही पेंगायचो,
हॉग्नी टेबलाखालून मला चिमटे काढायचा,
अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका,
आणि बाबांचा आवाज वल्ह्यासारखा एका लयीत,
लाट लहान की मोठी, न बघता.

"आज काय मिळालं यातून?" मी एकदा विचारलं.
"काही नाही," म्हणाले. "झोप आता."

हॉग्नीला शोधायला सात होड्या गेल्या,
सातही परतल्या, रिकाम्या.
स्वयंपाकघरात माणसं ओल्या स्वेटरांत बसून होती,
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
शेजारचा तोरकिल हळूच म्हणाला,
"हेयिन, एखादं स्तोत्र काढ. दुःखाचं."
बाबांनी मान हलवली.
निळा दोरा होता तिथेच उघडलं.

निघालं काय, तर तंबूच्या पडद्यांची मापं.
किती हात लांब, किती हात रुंद.
काठाला निळ्या सुताची बिरडी,
या पडद्याला पन्नास, त्या पडद्याला पन्नास,
जोडायला सोन्याचे पन्नास आकडे,
म्हणजे सगळं मिळून एकच छप्पर होईल.

मला संताप आला. हे? आज?
पण आई, दुपारपासून दगड झालेली आई,
मांडीवरची बोटं हलवू लागली.
जन्मभर विणलेली बाई ती.
बिरडी मोजत होती.
पन्नास झाली की पुन्हा पहिल्यापासून,
उजाडेपर्यंत.
तेवढ्यावर ती रात्र लटकून राहिली.

मग मी कोपनहेगनला अकरा वर्षं होते.
माझी प्रत बॅगेत, बुटांच्या खाली.
बिघडलं काहीच नाही, खरं सांगते.
पगार झाला, मित्र झाले, हसूही आलं.
फक्त वाईट बातमी आली की
आत कुठे काही टांगलेलं सापडेना.

आता बाबांना दिसत नाही. मी वाचते.
"एक ओळ गाळलीस," ते डोळे मिटूनच म्हणतात.
बहुतेक गाळलेली असतेच.

परवा तोरकिलच्या मेंढ्या आमच्या कुरणात शिरल्या,
तिसऱ्यांदा.
मी तावातावानं बांधापर्यंत गेले,
शब्द ओठांवर होता, तिखट, बेतून आणलेला,
त्याच्या मेलेल्या बायकोवरून.
आणि थांबला.
कोणी थांबवला? सोमवारच्या पानानं?
तीन वर्षांपूर्वी जांभया देत वाचलेल्या कशानं?
शोधून पाहिलं, पान सापडलं नाही.
मेंढ्या आम्ही दोघांनी मिळून हाकलल्या.
तो नंतर बटाटे देऊन गेला, तेही किडके.

संत मी नाही झाले. कित्येक रात्री
अक्षरं नुसती अक्षरंच असतात,
देव घरी नसल्यासारखा,
आणि मी दार वाजवून परत येते.
तरी उद्या जाते.

आज गोत्रांच्या सीमा आहेत:
अमक्या ओढ्यापासून तमक्या टेकडीपर्यंत,
गावांमागून गावं, कुणीही न पाहिलेली.
बाहेर कोठाराच्या फटींतून वारा शीळ घालतोय.
बाबांची मान छातीवर कललीय,
मी वाचायची थांबते, दोरा शोधते.
विरलाय फार, गाठ मारायला हवी.

"पुढे?" ते म्हणतात.