किरकोळ सुधारणा

एकाहत्तरावा दिवस.
नव्वदातले एकोणीस उरलेत,
रोव्हानिएमीच्या त्या पोरानं दिलेल्या मुदतीतले.
ईलियास लोहिनिवा. अजून मिसरूड फुटायचंय,
पत्र मात्र वकिलासारखं:
तुमच्या प्लग-इनमध्ये भोक आहे, सोबत पुरावा,
नव्वद दिवसांनी जगाला सांगेन.
शेवटी, थंडी सांभाळा.

ओउलूत दुपारी तीनच्या आतच अंधारतं.
खाली बर्फ खरवडणारी गाडी
मागं सरकताना टिं टिं करत राहते.
कॉफी तिसऱ्यांदा गरम केली, प्यायले नाही.

आमचं प्लग-इन एवढंसंच.
ब्राउझरच्या चौकटीत बोथनियाचं आखात उघडतं:
बर्फ कुठं किती जाड, वाट कुठं फोडलेली.
बंदरातले बघतात, जहाजांवरचे बघतात,
बर्फाला भोक पाडून गळ टाकणारे म्हातारेही,
आज कुठं बसलं तर बुडणार नाही ते.

चार रात्रींनी सापडलं.
नकाशा मिटला की मेमरीतली त्याची जागा
आपण सोडतो, खोली रिकामी करून किल्ली द्यावी तशी.
पण एका ओळीनं पत्ता खिशात तसाच ठेवलेला.
पुढच्या वेळी ती सरळ तिथंच जाते,
दार न वाजवता आत शिरते,
आत आता कोण राहायला आलंय
याची तिला शुद्ध नाही.
ईलियासनं तिथं फक्त कॅल्क्युलेटर उघडून दाखवला,
घरचं वळण चांगलं.
दुसरा कुणी यायचा तो वळण घेऊन थोडाच येणार.

ओळ इल्पोची.
अकरा वर्षांपूर्वीचा मार्च, पहाटे चार वाजून पाच मिनिटं.
शेजारी टीप: तात्पुरतं. सोमवारी नीट करतो.
कुठला सोमवार ते लिहिलं नव्हतं.
पुष्कळ सोमवार आले,
मग इल्पो नसलेले सोमवार आले.

राग यायला हवा होता. आला नाही.
त्या रात्री त्याच्या टेबलाशी मीच उभी होते,
दोन जहाजं अडकलीत, दे काहीतरी, उजाडायच्या आत दे.
ओळ त्यानं लिहिली.
घाई माझी होती.

दुरुस्ती तीन ओळींची.
जागा सोडताना पत्ताही पुसायचा,
आत जाण्याआधी विचारायचं, आहे का कुणी.
असलंच आणखी काही कुठं आहे का
ते धुंडाळण्यात पुढचे सहा दिवस गेले.
दोन सापडली.
त्यातलं एक माझं. इल्पो टेबल बडवून हसला असता.

त्याची टीप काढून टाकली.
वार गुरुवार.

बदलांच्या यादीत खरं लिहावं
तर चोराला गल्ली दाखवल्यासारखं.
म्हणून लिहिलं, किरकोळ सुधारणा.

मग आकडे बघत बसले.
शंभरातल्या एकेचाळिसांनी नवी आवृत्ती घेतली,
बाकीच्यांनी ते बटण दाबलं
जे मी स्वतः रोज दाबते: नंतर.
बैल जायच्या आत झोपा करून दिला मी,
पण लावायचा ज्यानं त्यानं आपल्या हातानं.

शेवटी राहे बंदरातल्या वाल्तेरीला फोन केला.
तो सात वेळा नंतर म्हणाला होता.

काय बदललंय?
दिसण्यासारखं काही नाही.
मग कशाला?
मी गप्प. खाली ती गाडी, टिं टिं.
घ्या ना, म्हटलं. माझ्यासाठी.

पलीकडे खुर्ची करकरली, माऊस टकटकला.
दोन टक्के, तो म्हणाला. नऊ.
बंदरातलं नेट म्हणजे गोगलगाय.
आम्ही दोघं फोन कानाशी धरून थांबलो.
सत्तेचाळीसवर आकडा जरा अडकला,
तेव्हा त्यानं सहज विचारलं,
बाकी, इल्पो काय म्हणतोय?