संध्याकाळची बॅच, रविवार कारंजा

सायकलच्या दुकानावर माझा वर्ग, सात ते साडेआठ.
जिन्यात पंक्चरच्या सोल्यूशनचा वास.
फळ्यावर आज उजवीकडे
सिंक, ड्राउन, डिप, सबमर्ज.
डावीकडे मराठीत मी लिहिलं
नुसतं: बुडणे.

वाळू भोई शेवटच्या बाकावर.
केस कायम ओलसर, वय चाळिशीकडे झुकलेलं,
रामकुंडावर जीवरक्षक, मानधन तीन महिन्यांनी एकदा.
गोव्यातल्या कुठल्याशा कंपनीचा अर्ज भरायचाय त्याला.
आपल्या कामाविषयी पाच वाक्यं, इंग्रजीत.

पहिलं वाक्य त्याचं: बॉय सँक इन गंगा.
नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणतंय कोण,
ते मी सोडून दिलं.
सँक मात्र लाल शाईने खोडलं.
म्हटलं, माणूस ड्राउन होतो.
सिंक होते ती वस्तू. होडी, दगड,
पुलावरून टाकलेलं नाणं.

"आणि पतसंस्थेत पैसे बुडाले तर?"
मृदुला आव्हाडने विचारलं. वर्ग हसला, ती नाही.
मग सुटलेच सगळे.
शाळा बुडवली तर? मजुरी बुडाली तर?
पोराने बापाचं नाव बुडवलं तर?
पुरात दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडतो
आणि पाणी ओसरलं की तसाच उभा, शेंदरासकट,
त्याला काय म्हणायचं, मॅडम?

मी ज्याला त्याला वेगळं क्रियापद देत गेले
रेशनवरच्या माणसासारखी, मापून,
एकाचं दुसऱ्याच्या पिशवीत जाऊ न देता.
आणि डावीकडे आमचं ते एकटं
सगळ्यांचं ओझं डोक्यावर घेऊन
उभंच.

वाळूने वहीतून मान वर केली नव्हती.
"माणूस वस्तू कधी होतो, ते सांगा ना.

आधी वर येतो तो. हात मारतो. आपल्यालाच मिठी मारतो,
केस धरून वढावं लागतं. तवर ड्राउन म्हणा, कबूल.
मग एक टाइम येतो, तो हात मारायचा थांबतो.
मग जातो खाली, सरळ, घाई न करता.
काठावर आई हाका मारती, तिचंबी ऐकत न्हाई.
तिथून पुढं मी जातो.
शेवाळाच्या पायऱ्यांखाली, जिथं डोळे उघडून उपेग नसतो,
हातानंच वळखायचं.
ड्राउन होणारे काढले सव्वीस.
सिंक झालेले मी मोजत नाय."

खालच्या दुकानात कुणीतरी चाकाला हवा भरत होतं,
तेवढाच आवाज.

व्याकरणाच्या पुस्तकात या दोन शब्दांमध्ये
एक स्वल्पविराम आहे.
वीस वर्षं मी तो ओलांडतेय
पाय न भिजवता.

वही मागितली. खोडलेल्या सँकखाली
टिंबं टिंबं दिली,
म्हणजे राहू द्या, खोडणाऱ्याची चूक.

पुढचं वाक्य होतं: आय डिप डेली.
"हे बरोबर आहे का? तुम्हीच म्हणालात,
डिप म्हणजे बुडून परत येणं."
बरोबर आहे, म्हटलं.
"मग गोव्याला हेच पाठवतो," तो म्हणाला,
आणि उरलेल्या तीन ओळींवर
आडवी रेघ मारून उठला.

बाकावर त्याच्या कोपराचा ओला डाग होता.
फळा पुसताना मी उजवी बाजू पुसली.
डावीकडचं राहिलं तसंच,
सकाळच्या बॅचला.